भुऱ्या गेल्यानंतर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भुऱ्या संध्याकाळी नेहमीसारखा जेवला, रात्री तुझ्या पायाशी येऊन झोपला आणि सकाळी उठलाच नाही. तीन वर्षांचं धडधाकट मांजर. त्यानंतर पंधरवड्याच्या आत गच्चीवरचा कढीपत्ता गेला, दोन गुलाबांनी माना टाकल्या, तुळस वाळली. "मावशी, माझ्या हातालाच काही झालंय का?" असं तू विचारलंयस. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. पण नुसतं एवढं ऐकून तुझं समाधान होणार नाही, म्हणून मला जेवढं समजतं तेवढं सविस्तर लिहिते.

आधी भुऱ्याबद्दल. मांजरांमध्ये हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा एक आजार आहे. वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरांची टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली, तर सुमारे 15 टक्के मांजरांत तो सापडतो. त्यातली बरीचशी पूर्ण आयुष्य जगतात. काहींना धाप लागते, काहींचे मागचे पाय एकाएकी लुळे पडतात आणि काहींच्या बाबतीत मृत्यू हेच पहिलं लक्षण असतं. स्टेथोस्कोप लावून दर वेळी हा आजार कळत नाही, त्यामुळे मे महिन्यात लस देताना डॉक्टरांनी तपासलं होतं आणि तेव्हा सगळं ठीक होतं, यात त्यांचीही चूक नाही. भुऱ्याला हेच झालं असं मी म्हणत नाही. तू त्याला त्याच दिवशी पुरलंस, आता ते कुणालाच सांगता येणार नाही. पण एक तरुण मांजर कुणाचीही हयगय नसताना रात्रीतून जाऊ शकतं, एवढं तरी यावरून तुला पटावं.

तुला छळतोय तो फवारा. आदल्या दिवशी तू गुलाबांवर कडुनिंबाचं तेल मारलं होतंस आणि भुऱ्या तिथेच हिंडत होता. बाळ, विषबाधा सहसा मागे खुणा ठेवते. कीटकनाशक पोटात गेलं तर लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर उठू शकते, पण तेव्हा तोंड सुजतं, श्वास जड होतो, हिरड्या तपकिरी पडतात. फुलदाणीतल्या लिलीचे परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं बंद पडतात, मात्र त्याला एक ते तीन दिवस लागतात आणि त्या काळात उलट्या होतात, खाणं सुटतं. तू स्वतःच लिहिलंयस, की चादरीवर काही सांडलेलं नव्हतं आणि तो झोपेत असावा तसा गुरगुटून पडला होता. कडुनिंबाच्या तेलानं मांजर असं जाईल हे मला तरी पटत नाही.

आणि "रात्री एकदा उठून पाहिलं असतं तर?" तर तुला झोपलेलं मांजर दिसलं असतं.

हे सगळं वाचूनही तू मनातल्या मनात पुन्हा फवाऱ्याकडेच वळशील. मी कृषी महाविद्यालयात रोपांचे रोग शिकवत होते तेव्हा शेतकरी वाळलेली रोपं घेऊन यायचे आणि पहिलं वाक्य बहुतेकदा "माझंच काहीतरी चुकलं" हेच असायचं. पुष्कळदा त्यांचं काहीच चुकलेलं नसायचं. माणसाला 'कळत नाही' हे सोसवत नाही, त्यापेक्षा स्वतःची चूक बरी वाटते. चूक असली तर ती पुढे टाळता येईल असं मन समजतं. म्हणून तू दोषी आहेस असं तुला वाटणं आणि तू खरोखर दोषी असणं यांची गल्लत करू नकोस.

तुझी हळहळ आहे, की डॉक्टरांकडे नेऊन कारण शोधायला हवं होतं. त्या सकाळी ते सुचणं कठीणच. पण माहिती म्हणून सांगते, कारण तुझ्या मैत्रिणींकडेही प्राणी आहेत. शवविच्छेदन करायचं असेल तर देह प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजच्या खालच्या भागात किंवा बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवायचा. फ्रीझरमध्ये ठेवायचा नाही, गोठल्यानं आतल्या पेशी खराब होतात. शक्यतो चोवीस तासांच्या आत डॉक्टरांपर्यंत पोचायचं. आपल्याकडे पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, नमुने कुठे पाठवायचे हे डॉक्टरांना विचारता येतं. एवढं करूनही उत्तर मिळेलच असं नाही. हृदयाची लय बिघडून मृत्यू आला तर डोळ्यांना दिसेल असं आत काही नसू शकतं. 2025 च्या जुलैत कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात आठवडाभरात पंधराच्या आसपास चितळं दगावली होती, आठवतंय? तिथे पशुवैद्य हाताशी होते, तरी नुसतं पाहून कारण कळलं नाही. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळांत गेले, तेव्हा लाळ्या-खुरकुताचं निदान झालं. मग घरातल्या मुलीला एका सकाळी, रडता रडता, कारण कळायला हवं होतं ही अपेक्षा कुठली?

आता झाडं. इथे मात्र उत्तरं मिळतील, कारण पुरावा अजून कुंडीतच आहे.

कढीपत्ता बहुधा पाण्यानं गेला. सलग पाऊस, ऊन नाही, कुंडीचं भोक मुळांनी किंवा मातीनं बुजलेलं, अशात मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी त्यांना कुजवते. फसगत अशी, की मुळं कुजलेलं झाड तहानल्यासारखंच दिसतं, पानं तशीच लोंबतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. झाड उपटून मुळं बघ. निरोगी मुळं पांढरट आणि घट्ट असतात. कुजलेली तपकिरी होतात, चिमटीत साल सुटून येते, आणि वास येतो.

गुलाबांबाबत मला हुमणीचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचा, संशय आहे. माती ओली असून झाड एकाएकी मलूल झालं आणि हलकंसं ओढलं तरी हातात आलं, हे वर्णन वाचल्याबरोबर तिचीच आठवण झाली. वळवाचे पाऊस पडले की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, रात्री कडुनिंबा-बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. अळी पांढरी, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची असते आणि पावसाळाभर मुळं कुरतडते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती कुंडीत येते. तू मे महिन्यात गोठ्यातून आणलेलं खत तसंच घातलंस, ते काळंभोर, भुसभुशीत आणि बिनवासाचं होतं का, आठवून पाहा. नसेल तर पुढच्या वेळी चाळून, पूर्ण कुजलेलंच घाल. ही शिकण्याची गोष्ट आहे, तिचं ओझं करून घेऊ नकोस.

आणि तुळस? तुझ्या फोटोत ती मंजिऱ्यांनी लगडलेली होती. बी धरलं की तिचा जोम ओसरतो, आणि कुंडीतली तुळस तशीही थोड्याच वर्षांची सोबत करते. काही झाडांचं तर आयुष्यच तेवढं असतं. मुळशीकडच्या डोंगरांवरची कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी टाकून मरते, अख्खा उतारच्या उतार वाळतो. तिथे कुणी विचारत नाही, की कुणाचं काय चुकलं.

म्हणजे बघ, तीन प्रकारची झाडं, तीन वेगळी कारणं, आणि भुऱ्याशी त्यातल्या एकाचाही संबंध नाही. त्यांना एकत्र आणलं ते पावसाळ्यानं आणि तुझ्या दुःखानं. चाळीस कुंड्यांच्या गच्चीवर दर पावसाळ्यात चार-दोन झाडं जातातच. मागच्या वर्षीही गेली असतील. तेव्हा तू हळहळलीस आणि नवीन रोप लावलंस. यंदा भुऱ्या गेल्यामुळे तू प्रत्येक वाळलेलं पान मोजते आहेस.

आजी म्हणाल्या, "घरावरचं अरिष्ट त्यानं अंगावर घेतलं." त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना तुझे डोळे पुसायचे आहेत आणि त्यांच्याकडे त्यासाठी हेच शब्द आहेत. पण तू ते खरं धरून चालू नकोस. तसं धरलंस तर भुऱ्या तुमच्यासाठी मेला असा अर्थ होतो आणि ते ऋण तू जन्मभर वागवत बसशील. त्यानं तुमच्याकडून तीन वर्षं मासे, ऊन आणि माया घेतली, तुम्हाला लळा लावला, आणि त्याचं शरीर थांबलं. "मांजरच तर होतं" म्हणणाऱ्या काकांचं तर अजिबात मनावर घेऊ नकोस. रोज पायात घुटमळणारा जीव नाहीसा झाल्यावर घर ओकंबोकं होतं, ते तुझं दुःख खरं आहे, आणि ऑफिसमधून एक दिवस सुट्टी घेतलीस याचा संकोच बाळगायचं कारण नाही. लगेच नवीन पिल्लू आणू नकोस. "आता कधीच नाही" अशी शपथही घेऊ नकोस.

सध्या तुझं लक्ष तुझ्या दुसऱ्या मांजरीकडे, चिंगीकडे हवं. ती दारोदार भुऱ्याला शोधते आणि धड खात नाही असं लिहिलंयस. याबाबतीत मात्र वाट पाहू नकोस. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि प्रकरण गंभीर होतं. आज रात्रीपर्यंत ती खायला लागली नाही तर उद्या सकाळी डॉक्टरांकडे ने. ती भुऱ्याची सख्खी बहीण आहे, हृदयाचे असे आजार रक्तातून येऊ शकतात, म्हणून टू-डी इकोबद्दलही विचार. तिच्या लशींचं कार्ड सोबत घे.

रविवारी सकाळी मी कोथरूडला येते आहे. तोवर गुलाबांच्या कुंड्यांना पाणी घालू नकोस आणि त्यांतली माती दुसऱ्या कुंड्यांत मिसळू नकोस. जुनी वर्तमानपत्रं काढून ठेव, कुंड्या त्यावर उलट्या करून बघू.

तुझी,
मावशी