गोव्यात घरच्या घरी लाकडी पट्ट्यांची शिडाची होडी बांधता येईल का?

येईल. फोंड्याजवळ घर, पुढे मोठी पडवी, रंधा मारायची सवय आणि मनात सोळा फुटी होडी, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावर काम होतं. तुमचे प्रश्न दोन: सागवान घ्यावं का, आणि किती महिने लागतील. मी माशेलला राहतो. माझी होडी तुमच्या मापाचीच आहे आणि ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये याच पद्धतीने बांधली. मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, फक्त पट्ट्या चिरून घेतल्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. महिने किती हे सोडा, कोणते ते पाहा. गोव्यात ही होडी पावसाळ्याच्या हिशेबाने बांधावी लागते.

का, ते कळायला आधी पद्धत पाहू. उलटे उभे केलेले प्लायचे साचे, त्यांवर वीसेक मिलिमीटर रुंद आणि नऊ-दहा मिलिमीटर जाड पट्ट्या काठाला काठ चिकटवत जायचं, मग बाहेरून आणि आतून काचेचं कापड इपॉक्सीत (दोन द्रव कालवले की घट्ट होणारी राळ) बसवायचं, ही झाली पद्धत. लांबीच्या दिशेचा जोर पट्ट्या घेतात. आडवा जोर आला की नुसत्या पट्ट्या रेषेवर चिरतात, तो घेण्याचं काम दोन्ही अंगांच्या कापडाचं. त्यामुळे ‘आतलं कापड गाळलं तर वजन वाचेल ना?’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. दिलीप दोंदे आणि नंतर अभिलाष टॉमी ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती ५६ फुटी नौका आपल्या दिवाडी बेटावरच झाली. तिचंही तत्त्व हेच, आत लाकूड आणि वर फायबरग्लास.

जुन्या पद्धतीची फळ्यांची होडी पाण्यात टाकली की फुगते आणि तिचे सांधे आवळतात. आपल्या होडीचं गणित बरोबर उलटं आहे. हिच्यात लाकडाला फुगू किंवा आकसू द्यायचंच नाही. २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेलं काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ जहाजही दिवाडीचंच. ते जरूर पाहा, पण त्यावरून आपल्या कामाचा अंदाज बांधू नका.

इपॉक्सी चढवताना लाकडातली ओल १२ टक्क्यांच्या आत हवी. जुलैत आपल्याकडे उघड्यावर ठेवलेलं लाकूड सहज १६-१८ टक्क्यांवर जातं. होडीच्या एका बाजूचा घेर साधारण एक मीटर. ओल्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मार्चच्या उन्हात ती ओल पाच टक्क्यांनी उतरली, तर तेवढ्या घेरात पाच ते दहा मिलिमीटर आकसणं होतं. मग कुठेतरी फट पडणारच. ओल मोजायचं दोन टाचण्यांचं मीटर ऑनलाइन मिळतं. नाहीतर स्वयंपाकघरातला ओव्हन आहेच: तुकडा वजन करायचा, शंभर अंशांच्या जरा वर वाळवायचा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ११५ ग्रॅमचा तुकडा १०० वर थांबला तर ओल १५ टक्के, म्हणजे अजून थांबा.

आता कॅलेंडर. पावसाळ्यात साचे कापा. त्यांना ओलीचं फारसं सोयरसुतक नसतं, आणि चवथीपर्यंत घरात नाहीतरी दुसरं काम सुचत नाही. आराखडा मात्र विकतच घ्या, आणि पूर्ण मापाचा. इंटरनेटवरचं चित्र मोठं करून होडी होत नाही. तो साध्या कागदावर छापू नका, दमट हवेत कागद ताणतो आणि साचे एकमेकांशी जुळत नाहीत. प्लास्टिकच्या ट्रेसिंग फिल्मवर छापून घ्या. ऑक्टोबरअखेर वखारीतून लाकूड आणा, लगेच चिरा आणि मध्ये काड्या घालून सावलीत रचा. पातळ पट्ट्या फळीपेक्षा कितीतरी लवकर वाळतात. डिसेंबर-जानेवारीत पट्ट्या बसवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेरचं कापड, एप्रिलमध्ये होडी उलथवा आणि मे संपायच्या आत आतलं कापड. दोन्ही अंगं बंद झाली की पुढे धो धो कोसळू दे, लाकूड सुरक्षित. डेक, बाक, रंग ही कामं पुढच्या मोसमावर गेली तरी बिघडत नाही. थोडक्यात, शनिवार-रविवार काम करणाऱ्या माणसाला दोन मोसम धरावे लागतात.

सागवानाबद्दल माझं मत: या कामाला नको. ते टिकाऊ आहे, पण इथे लाकूड इपॉक्सीच्या आत बंद होतं, तेव्हा त्या टिकाऊपणाचे पैसे वाया. शिवाय ते तेलकट असल्याने डिंक धरायला खळखळ करतं आणि जडही आहे. तुमच्या मापाच्या होडीचं पृष्ठफळ धरा आठ चौरस मीटर. दहा मिलिमीटर जाडीने लाकूड झालं ०.०८ घनमीटर. सागवानात त्याचं वजन पन्नासेक किलो, शिवण झाडाच्या लाकडात चाळिसाच्या आत, बाहेरून आणलेल्या रेड सीडरमध्ये तीस. सीडर उत्तम, पण त्याचा भाव ऐकून घ्या आणि मग ठरवा. मी शिवण वापरली. हलकी, वळायला गोड, वाळल्यावर हलत नाही. सरळ रेषांचे, गाठी नसलेले ओंडके निवडायला मात्र वखारीत स्वतः जा. आंबा स्वस्त मिळेल, घेऊ नका, कुठे ओरखडा पडून पाणी शिरलं की तो लवकर कुजतो. परसातला फणस कापायचा विचार असेल तर गोव्यात १९८४ चा झाडं राखण्याचा कायदा आहे. आधी वन खात्याची परवानगी, मग कुऱ्हाड.

लाकूड मोजताना पात्याने खाल्लेलं धरा. दहा मिलिमीटरच्या प्रत्येक पट्टीमागे तीन मिलिमीटरचा भुसा पडतो, म्हणजे जवळजवळ पाव लाकूड गेलं. होडीत बसतं तीन घनफुटांच्या आत, पण आणायला पाच लागतात. तो भुसा टाकू नका. बारीक चाळून इपॉक्सीत कालवला की आतले कोपरे भरायला लुगदी तयार.

पट्ट्या फेव्हिकॉलने चिकटवू का, असा पुढचा प्रश्न येईलच. तळ्यावर न्यायच्या, काम झालं की घरी आणायच्या कॅनोला (वल्ह्याची निमुळती होडी) पाणी सोसणारा पांढरा गोंद चालतो, बरेच जण तो वापरतात. मांडवीच्या खाऱ्या पाण्यात बांधून ठेवायच्या होडीला मी इपॉक्सीच म्हणेन. सगळं मिळून १५-२० किलो लागेल. हार्डनर, म्हणजे इपॉक्सी घट्ट करणारा दुसरा द्रव, संथ जातीचा घ्या. उष्मा दहा अंशांनी वाढला की भांड्यातल्या मिश्रणाचं आयुष्य साधारण निम्मं होतं. उंच डब्यात अर्धा किलो कालवून मेस्ताशी गप्पा मारत बसलात तर डबा धुमसायला लागेल. पाव किलोच्या वर कालवू नका आणि ते लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. कापड बसवायचं ते दुपार कलल्यावर. सकाळी तापत जाणाऱ्या लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि इपॉक्सीत बुडबुडे सोडते, उतरत्या उष्म्यात तीच हवा इपॉक्सीला आत ओढते. पण दव पडायच्या आत आवरा. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने घासून धुवायचा, सँडपेपर नंतर. उलट केलंत तर मेण आत घासलं जातं आणि पुढचा हात सोलून निघतो. नायट्राइलचे हातमोजे काढू नका, आणि हाताला लागलेलं इपॉक्सी थिनरने पुसू नका. एकदा अंगावर पुरळ उठायला लागलं की ती ॲलर्जी जन्मभर सोबत राहते.

पट्ट्या बसवणं हा मजेचा भाग. रोज दोन-चार चढतात, शेजारीपाजारी बघायला येतात. नंतरचं घासकाम कोणी बघायला येत नाही. दोन-अडीच फूट लांब लवचिक पट्टीला सँडपेपर लावून तिरकस हात मारत राहायचं. हातातल्या मशीनने झटपट करायला गेलात तर खड्डे पडतात आणि चकचकीत रंग दिला की प्रत्येक खड्डा ओरडून सांगतो. उंचसखल डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळतं. आणि रंग पांढरा किंवा फिकट द्या. गडद निळी होडी मे महिन्यात इतकी तापते की इपॉक्सी मऊ पडून कापडाची वीण वर उमटते. लाकूड दिसावं म्हणून नुसतं वॉर्निश मारायचं असेल तर ते ऊन अडवणारं हवं आणि दर वर्षी हवं. इपॉक्सी उघड्या उन्हात खडूसारखं पिठूळ होतं.

हे सगळं वाचून अंगावर आलं असेल तर बारा फुटी प्लायची होडी बांधा. मरीन प्लाय, त्याच्या भारतीय मानकाचा आयएस ७१० शिक्का पाहून. गोलाई कमी मिळते, पण काम एका हिवाळ्यात उरकतं. पट्ट्यांचे कष्ट करायचे ते गोल, पाण्यावर सुंदर बसणाऱ्या आकारासाठी. तो तुम्हाला हवाच असेल तरच याच्या वाटेला जा.

पैशांचं म्हणाल तर नुसतं होडीचं अंग म्हणजे एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा. शीड, डोलकाठी, दोर, कप्प्या, ३१६ जातीचं स्टेनलेस सामान, ट्रेलर यांत उरलेले जातात. तळातून पाण्यात उतरणारी फळी वर ओढता येईल अशीच योजा, कुंभारजुव्याच्या खाडीत ओहोटीला पाणी उथळ असतं. डोलकाठीही आडवी पाडता यायला हवी, नाहीतर बुटक्या पुलांखालून जाताना पंचाईत. साचे उभे करण्याआधी पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या, म्हणजे सरकारी बंदर खात्याच्या, कार्यालयात जाऊन नोंदणीला कोणती कागदपत्रं आणि कोणते आराखडे मागतात ते विचारून या. लाकडाच्या, इपॉक्सीच्या पावत्या आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो तोवर जपून ठेवा. आणि पडवीच्या खांबांमधलं अंतर आजच मोजा, साडेपाच-सहा फूट रुंद होडी तिथून बाहेर निघायची आहे.