ज्ञान मिळते की शहाणपण येते?

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अभ्यासाने माणसाला ‘ज्ञान मिळते’ असे म्हणावे की ‘शहाणपण येते’ असे म्हणावे, हा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (३:१५) शास्त्रलेख माणसाला तारणासाठी ‘ज्ञानी’ करण्यास समर्थ आहेत, असे मराठी अनुवादात येते. परंतु ‘ज्ञानी’ हा शब्द ऐकल्यावर आज पुष्कळ माहिती असलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो आणि मूळ वाक्याचा रोख तसा नसावा, अशी त्यांची शंका आहे. शंका रास्त आहे. माझ्या मते आजच्या मराठीत ‘शहाणपण येते’ हेच मुळाच्या अधिक जवळ जाते. मात्र ‘ज्ञान’ हा शब्द चुकीचा आहे म्हणून नव्हे, तर त्याचा अर्थ आपण आकसून टाकला आहे म्हणून.

पौलाच्या वाक्यातले ग्रीक क्रियापद ‘सोफिया’ (शहाणपण) या नामाच्या कुळातले आहे आणि नव्या करारातल्या ‘सोफिया’मागे जुन्या करारातला ‘होख्मा’ हा हिब्रू शब्द उभा आहे. या होख्माची पाळेमुळे पोथीत नाहीत, हातात आहेत. निवासमंडप, म्हणजे इस्राएली लोकांचे उपासनेचे तंबूरूपी स्थान, उभारण्यासाठी निवडलेल्या बसालेल या कारागिराला सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड घडवता यावे म्हणून देवाने आपल्या आत्म्याने जे दिले, त्यात होख्मा आहे (निर्गम ३१:३). सूत कातणाऱ्या स्त्रियांकडे होख्मा आहे (निर्गम ३५:२५-२६). आणि वादळात सापडलेल्या खलाशांची मती गुंग होते, तेव्हा स्तोत्रकर्ता त्यांचा होख्मा गिळला गेला असे म्हणतो (स्तोत्र १०७:२७). येथे आपण सहज ‘कसब’ म्हणू. नीतिसूत्रे या जुन्या करारातल्या ग्रंथात हाच शब्द जगण्याच्या कसबासाठी वापरला आहे: केव्हा बोलावे, केव्हा गप्प राहावे, कोणाच्या संगतीत बसावे, पैसा कसा हाताळावा, राग कसा आवरावा. हे कसब नुसते ठाऊक असून भागत नाही, ते अंगी यावे लागते. म्हणूनच मराठीत आपण ‘पोहता येते’, ‘विणता येते’ असे म्हणतो, ‘पोहणे मिळाले’ असे म्हणत नाही. आणि शहाणपणही ‘येते’.

शब्दाचा नेमका अर्थ हाती लागत नसेल, तर त्याचा विरुद्धार्थी शब्द पाहावा, ही माझी जुनी सवय आहे. ज्ञानाच्या उलट अज्ञान, म्हणजे एखादी गोष्ट ठाऊक नसणे. नीतिसूत्रांत मात्र होख्मा असलेल्या माणसासमोर जो उभा आहे तो अडाणी नसून मूर्ख आहे. त्याला सगळे ठाऊक असूनही तो ऐकत नाही, शिक्षणाचा तिरस्कार करतो. ‘देव नाही’ असे मनात म्हणणारा चौदाव्या स्तोत्रातला मूर्खही बुद्धीने कमी आहे असे तेथे सुचवलेले नाही. दोष वृत्तीचा आहे. शहाणा आणि मूर्ख ही मराठीतली जोडी या रचनेवर अगदी चपखल बसते. या दोघांखेरीज नीतिसूत्रांत तिसराही एक माणूस आहे, तो म्हणजे भोळा, ज्याला कोणीही कोठेही वळवावे असा. परमेश्वराचे वचन अशा भोळ्याला शहाणे करते, असे एकोणिसाव्या स्तोत्रात (१९:७) म्हटले आहे आणि पौलाच्या मनात तीमथ्याला लिहिताना हेच वचन असावे असे मला वाटते, कारण तोही त्याला बालपणापासून ठाऊक असलेल्या शास्त्राची आठवण करून देत आहे.

आता आपला ‘शहाणा’ पाहू. हा शब्द ‘सज्ञान’पासून आला असे मानले जाते, म्हणजे ज्ञान त्याच्या पोटातच आहे. परंतु बोलीत त्याचा अर्थ किती पुढे गेला आहे! ‘शहाणे बाळ’ म्हणजे पुष्कळ शिकलेले बाळ नव्हे. ‘शहाण्यासारखा वाग’ म्हणताना आपण वागण्याबद्दल बोलत असतो. आणि ‘ऐकणे’ या क्रियापदाचे आपल्याकडे जे दोन अर्थ आहेत, म्हणजे कानाने ऐकणे आणि सांगितलेले मानणे, तेच दोन्ही अर्थ हिब्रूतल्या ‘शामा’ या क्रियापदालाही आहेत. शलमोन राजा देवाकडे वर मागतो तेव्हा मुळातले शब्द ‘ऐकणारे हृदय’ असे आहेत (१ राजे ३:९). मराठी वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी टीप लागू नये. विद्वानाला ‘बहुश्रुत’ म्हणणारी, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा म्हणणारी, भाषा आपली आहे.

एक आक्षेप येईल, तो असा की ‘शहाणपण’ या शब्दाला टोमण्याचा वास आहे. ‘दीडशहाणा’, ‘अतिशहाणा’, ‘उगाच शहाणपणा करू नकोस’ हे प्रयोग रोजचे आहेत. गंभीर धार्मिक गद्यात ‘ज्ञान’ अधिक शोभते, याचे कारण मला हेच दिसते. पण मूळ भाषाही या छटेपासून मुक्त नाही: ‘आपल्या स्वतःच्या दृष्टीने शहाणा होऊ नको’ असे नीतिसूत्रे (३:७) बजावतात, तेथे ‘शहाणा’साठी होख्माच्याच कुळातले विशेषण आहे. खऱ्या आणि मानलेल्या शहाणपणासाठी हिब्रूनेही एकच शब्द चालवून घेतला. मराठीत निदान ‘शहाणपण’ आणि ‘शहाणपणा’ असे दोन घाट आहेत आणि दुसऱ्यात टोमणा अधिक मुरला आहे. लिहिताना पहिला वापरावा.

‘ज्ञान’ या शब्दाची बाजूही मांडलीच पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना नम्रता, दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा, आचार्यांची सेवा यांचे विस्ताराने वर्णन येते. त्यात माहितीचा साठा कोठेच नाही. मराठी ख्रिस्ती लेखनाला हा शब्द या परंपरेतून मिळाला, तेव्हा त्याच्या अंगात शील होते. पुढे ‘सामान्यज्ञान’, ‘ज्ञानकोश’ अशा समासांतून तो माहितीकडे झुकत गेला. शिवाय अनुवादकाची एक खरी अडचण आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (८:१) जे फुगवते, गर्व आणते, तेही मराठीत ‘ज्ञान’च आहे, पण ग्रीकमध्ये तो वेगळा शब्द आहे, ‘ग्नोसिस’, सोफिया नव्हे. दोन्हींसाठी एकच मराठी शब्द पडला, की एके ठिकाणी शास्त्र ज्ञानी करते आणि दुसऱ्या ठिकाणी ज्ञान फुगवते, असा नसलेला विरोध वाचकाला दिसू लागतो. ग्नोसिसला ‘ज्ञान’ आणि सोफियाला ‘शहाणपण’ अशी वाटणी केली, तर तो विरोध उरत नाही.

प्रश्नातल्या ‘अभ्यास’ या शब्दाकडे मात्र कोणी शंकेने पाहिलेले नाही आणि मला तर तोच सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. संस्कृतात अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे. पहिल्या स्तोत्रातला धन्य पुरुष नियमशास्त्राचे रात्रंदिवस ‘मनन’ करतो, तेथील हिब्रू ‘हागा’ या क्रियापदात आवाज आहे: शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी (यशया ३१:४) आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी (यशया ३८:१४) तेच क्रियापद येते. म्हणजे हे मूक चिंतन नाही, ओठांवर घोळवत राहणे आहे. ‘मनन’ हा सुंदर शब्द आहे, पण त्याने तो आवाज हरवतो. ‘घोकणे’ म्हणावे तर अर्थ न कळता पाठ करण्याची छटा येते. ‘घोळवणे’ मला त्यातल्या त्यात जवळचे वाटते. आणि अभ्यासात करणेही आले: वचन नुसते ऐकणारा माणूस आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्यासारखा आहे, असे याकोब नव्या करारातल्या आपल्या पत्रात म्हणतो (१:२३-२४), तर एकशे एकोणिसाव्या स्तोत्राचा कर्ता (११९:१००) आपल्याला वृद्धांहून अधिक समज आली याचे कारण ‘मी तुझे विधी (म्हणजे आज्ञा) पाळले आहेत’ असे देतो. वाचले आहेत असे तो म्हणत नाही.

राहिला क्रियापदाचा प्रश्न. येथे ‘मिळते’ पूर्णपणे टाकून देता येणार नाही. ज्याला शहाणपण कमी पडत असेल त्याने देवाकडे मागावे, म्हणजे ते त्याला दिले जाईल, असे याकोबाचे पत्र (१:५) सांगते आणि जे दिले जाते ते मिळतेच. नीतिसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ येतात: आधी कान दे, हाक मार, रुप्याप्रमाणे आणि गुप्त धनाप्रमाणे शोध, असे सांगून सहाव्या वचनात ‘कारण परमेश्वर ते देतो’ असे कारण जोडले आहे. तेव्हा वाक्यात अभ्यास करणारा माणूस कर्त्याच्या जागी असेल तेथे ‘शास्त्राच्या अभ्यासाने त्याला शहाणपण आले’ असे लिहावे, आणि देव दाता म्हणून येत असेल तेथे ‘देवाकडून त्याला शहाणपण मिळाले’ असे लिहावे. तीमथ्याच्या वचनात ‘ख्रिस्त येशूवरील विश्वासाच्या द्वारे’ हे शब्द आहेत, ते गाळून केवळ ‘शास्त्र शहाणे करते’ असे उद्धृत करू नये. पौलाचे वाक्य त्या शब्दांशिवाय पुरे होत नाही.