२० गुंठ्यांसाठी स्वीटकॉर्नचं बियाणं किती आणू?

२० गुंठ्यांत स्वीटकॉर्न करायचाय, दुकानदार सव्वा किलो पुरेल म्हणतो आणि शेजारी चार किलो आणायला सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. दोघंही किलोत बोलतायत आणि घोटाळा तिथेच आहे. शेजाऱ्यांचा हिशेब धान्याच्या मक्याचा दिसतो, एकरी आठ किलोचा. त्याचे शंभर दाणे २५-३० ग्रॅम भरतात. स्वीटकॉर्नच्या अतिगोड संकरित वाणांचा दाणा मात्र सुरकुतलेला आणि हलका असतो, शंभराचं वजन साधारण १० ते १५ ग्रॅम. म्हणून आधी झाडं मोजा, मग दाणे, वजन सगळ्यात शेवटी.

अंतर अडीच फूट बाय आठ इंच धरू. एका झाडाला १.६७ चौरस फूट जागा लागते. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याला ६५३ झाडं. बांध, पाट आणि वाटेपोटी एक गुंठा सोडला तर १९ गुंठ्यांत सुमारे १२,४०० झाडं बसतात.

आता पाकिटावरची उगवणशक्ती बघा. समजा ८५ टक्के छापलीय. ती प्रयोगशाळेतली. रानात ढेकळं, पाखरं, वाणी किडा, बुरशी यांत आणखी दहा टक्के जातात असं धरा. ०.८५ गुणिले ०.९० म्हणजे ०.७६५. १२,४०० ला ०.७६५ ने भागलं की १६,२०० दाणे येतात. शंभर दाणे १२ ग्रॅम असतील तर १,९४४ ग्रॅम, म्हणजे दोन किलो आणा. वजन अंदाजाने धरू नका, सोनाराच्या काट्यावर शंभर दाणे मोजून टाका. १० ग्रॅम भरले तर १.६ किलोत भागतं, १५ भरले तर २.४ किलो लागतात. सव्वा किलोत १२ ग्रॅमच्या हिशेबाने १०,४०० दाणे येतील, त्यातले जेमतेम ८,००० उगवतील आणि तिसरा हिस्सा रान मोकळं राहील.

जास्तीचे दाणे नेमके टाकायचे कुठे, इथे बरेच जण चुकतात. आठ इंचांवर एकेक दाणा टोकला तर न उगवलेल्या जागा तशाच राहतात. दोन-दोन टोकले तर महागाचं बियाणं विरळणीत उपटून फेकावं लागतं. त्यापेक्षा सहा इंचांवर एक दाणा टोका. मर जाऊन सरासरी आठ इंच आपोआप पडते. सलग चार-पाच रोपं दाट उभी दिसली तर तेवढ्यातच एखादं काढा.

या दाण्यात पिष्ट कमी, साखर जास्त. त्यामुळे कोंबाला शिदोरी थोडीच असते. दीड इंचापेक्षा खोल गेलेला दाणा वर येतायेताच दमतो. इंचभर खोली पुरे, भारी काळ्या रानात तर नक्कीच. वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, टोकणी करा. टोकून लगेच भरपूर पाणी सोडलं तर साल तडकून दाणा कुजतो, म्हणून ठिबक हलकंच चालवा. रात्रभर भिजवायचा मोहही टाळा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उगवण आणखी घसरते, तेव्हा रानातल्या मरीसाठी दहाऐवजी वीस टक्के धरा.

नांगे, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, भरायचे तर टोकणीच्याच दिवशी पाचशे-सहाशे दाणे प्रोट्रेमध्ये (रोपांच्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) टाकून ठेवा आणि दहा-बारा दिवसांत रोपं लावा. पंधरवड्यानंतर दाणे टोकून नांगे भरण्यात अर्थ नाही. मागचं रोप सावलीत अडकतं आणि त्याला विकण्याजोगं कणीस धरत नाही.

कणीस काढणीयोग्य दोन-चार दिवसच राहतं. एवढा माल एकाच वेळी विकायची सोय नसेल तर पाच-पाच गुंठ्यांचे चार तुकडे दहा-दहा दिवसांनी टोका. प्रत्येक तुकडा चौकोनी ठेवा. एक-दोन लांब ओळी केल्या तर परागीभवन अपुरं होऊन कणसं बोडकी राहतात. उरलेलं बियाणं हवाबंद, थंड जागी ठेवा आणि याच हंगामात संपवा, कारण पुढच्या वर्षी त्याची उगवण बरीच उतरलेली असते.

एक गोष्ट शेजाऱ्यांना आजच विचारा: त्यांचा धान्याचा मका कधी तुऱ्यावर येणार? त्याचे पराग तुमच्या कणसावर पडले तर दाणा पिठूळ होतो, गोडी जाते. दोन्ही रानांत दोन-तीनशे फूट अंतर नसेल तर तुरे येण्यात निदान पंधरा दिवसांचा फरक पडेल अशी टोकणीची तारीख धरा.