लिनक्सवर कीपासएक्ससीमध्ये (पासवर्ड जपून ठेवणारा प्रोग्राम) बदललेला पासवर्ड सेव्ह होत नाही, 'परमिशन डिनाइड' म्हणजे परवानगी नाकारल्याचा संदेश येतो. फाइल माझ्याच नावावर आहे, मग अडतंय कुठे?

आधी एक सांगतो, प्रोग्राम बंद करू नका. नवा पासवर्ड या क्षणी फक्त मेमरीत आहे. साइटवर तो बदलून झाला असेल, तर खिडकी मिटली की तो गेलाच. डेटाबेस (पासवर्डांची फाइल) मेनूतून 'सेव्ह डेटाबेस बॅकअप' घ्या, प्रत होममध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये टाका आणि मग निवांत शोधा.

दोष बहुतेक वेळा फाइलचा नसतो, फोल्डरचा असतो. कीपासएक्ससी जुन्या फाइलवर थेट लिहीत नाही. त्याच फोल्डरात एक तात्पुरती फाइल तयार करतं आणि ती पूर्ण लिहून झाली की जुनीच्या जागी ठेवतं. मध्येच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहावी, म्हणून ही खबरदारी. पण फोल्डरात नवी फाइल करायची तर फोल्डरवरच लिहायची परवानगी लागते. टर्मिनलमध्ये 'एलएस -एलडी' (ls -ld) आणि पुढे फोल्डरचा पत्ता द्या (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत). मालक म्हणून 'रूट' (सिस्टिमचं सर्वाधिकारी खातं) दिसला की कारण सापडलं. फोल्डर तुमच्या होममधला असेल तर 'सुडो चोन' (sudo chown; सुडो म्हणजे रूटच्या अधिकाराने, चोन म्हणजे मालक बदलणं) वापरून तो आपल्या नावावर करा. सिस्टिमचा असेल तर त्याला हात लावू नका, डेटाबेसच होममध्ये हलवा.

'सुडो' लावून कीपासएक्ससी चालवायचा मोह मात्र टाळा. त्या वेळी सेव्ह होईल, पण नवी फाइल रूटच्या मालकीची होऊन बसेल आणि पुढच्या वेळी आणखी अडेल.

संदेश 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' (डिस्क फक्त वाचता येते) असा असेल तर परवानग्या बदलून उपयोग नाही. 'फाइंडमाउंट' (findmnt) चालवा, त्या डिस्कपुढे 'आरओ' (ro), म्हणजे रीड-ओन्ली दिसेल. विंडोजसोबत वापरायच्या एनटीएफएस (विंडोजची फाइल-मांडणी) डिस्कवर हे हमखास होतं, कारण 'फास्ट स्टार्टअप' चालू असताना विंडोज पुरतं बंद होतच नाही. विंडोजमध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा आणि पुन्हा शटडाउन करा. 'नो स्पेस लेफ्ट' (जागा संपली) आलं तर 'डीएफ -एच' (df -h) चालवून कुठे किती जागा उरली ते बघा.

स्नॅपमधून (लिनक्सवर प्रोग्राम बसवायची एक पद्धत) बसवलेलं कीपासएक्ससी पेनड्राइव्हपर्यंत पोचत नसेल, तर 'सुडो स्नॅप कनेक्ट कीपासएक्ससी:रिमूव्हेबल-मीडिया' (sudo snap connect keepassxc:removable-media) एवढं पुरतं.

फाइल गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात असेल तर फाइल जागी ठेवण्याची ती शेवटची पायरीच फसू शकते. सेटिंग्जच्या जनरल भागात 'यूज अल्टरनेटिव्ह सेव्हिंग मेथड' आहे. त्यातला तात्पुरत्या फाइलचा पर्याय आधी वापरून पाहा. थेट लिहिण्याचा पर्याय धोक्याचा आहे, तो घ्यावाच लागला तर शेजारचं 'बॅकअप डेटाबेस फाइल बिफोर सेव्हिंग' आधी चालू करा.