रिकाम्या ट्रकचं वजन आणि सीआयएची परीक्षा

बडोद्याच्या डांडिया बाजारातून एका मुलीचं पत्र आलंय. एम.कॉम. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून झालं, सीए इंटरचा दुसरा ग्रुप दोनदा राहिला, तेव्हा तिने तो रस्ता सोडला. दीड वर्षापासून मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. ती विचारते, ‘ताई, सीआयए, म्हणजे सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटर झाले तर सीए राहिल्याची भरपाई होईल का? क्लासवाले तिन्ही पेपरांची फी एकदम मागताहेत. बाबा म्हणतात, भरून टाकू.’

बाबांना सांग, थोडं थांबा.

आणि ‘भरपाई’ हा शब्द आधी मनातून काढ. कंपनीच्या वैधानिक, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या हिशेबतपासणीवर (ऑडिटवर) सही सीएचीच लागते, सीआयए झालीस तरी तो अधिकार मिळणार नाही. इंटर्नल ऑडिट, म्हणजे कंपनीने आपल्याच कारभाराची करून घेतलेली तपासणी, हे वेगळं काम आहे. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 138 प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या (लिस्टेड) सगळ्या कंपन्यांना ते करावंच लागतं. खाजगी कंपनीची उलाढाल 200 कोटींवर गेली किंवा बँकांचं कर्ज 100 कोटींच्या वर गेलं, की तिलाही. इथे ऑडिटर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट असू शकतो, किंवा संचालक मंडळ ठरवेल तो दुसरा व्यावसायिकही.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाचा वाटला तो ताजा कलम. कोळशाच्या ट्रकच्या वजनकाट्याच्या पावत्या लावताना तुला दिसलं की एकाच गाडीचं रिकामं वजन तेरा पावत्यांवर किलोपर्यंत तेच आहे. पावसाळ्यातसुद्धा! टाकीतलं डिझेल कमीजास्त होतं, ताडपत्री भिजते, चाकांना चिखल लागतो, मग वजन हलत कसं नाही? तू विचारलंस, आणि सीनिअर म्हणाले, ‘बिल जुळतंय ना, मग पुढे चल.’ अगं, बिल जुळणारच. भरलेल्या गाडीच्या वजनातून तोच जुना आकडा वजा होतोय. तुझ्या जागी शंभरातले नव्वद जण ‘पुढे’ गेले असते. तू थांबलीस, म्हणून मी तुला या वाटेला जा म्हणतेय.

सीआयएत हेच शिस्तीने शिकवतात. काय आढळलं: तेरा वेळा तेच वजन. काय व्हायला हवं होतं: माल उतरल्यावर दर खेपेला गाडी पुन्हा काट्यावर. का झालं नाही: गेटवर गर्दी, की काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये वजन साठवून ठेवलंय? परिणाम काय: न आलेल्या कोळशाचे पैसे कदाचित जाताहेत. उपाय काय. ही पाच उत्तरं प्रत्येक मुद्द्यावर लिहिता आली की पेपर परका वाटत नाही.

आता अडचणीचा भाग. परीक्षा आधी देता येते, पण सर्टिफिकेट अनुभवाची पडताळणी झाल्यावरच हातात पडतं. पदव्युत्तर पदवी असलेल्यांना इंटर्नल ऑडिट किंवा तशाच कामाचे 12 महिने लागतात, नुसत्या पदवीवर 24. निव्वळ बिलं एंटर करण्याचं काम यात धरलं जाईल असं समजू नकोस. शिवाय अर्ज मंजूर झाल्यापासून सगळं 3 वर्षांत पुरं करायचं असतं. म्हणून आधी नोकरी बदल, मग फॉर्म भर. अलकापुरीकडच्या ज्या सीए फर्म कारखान्यांची इंटर्नल ऑडिटं करतात, तिथे ऑडिट असिस्टंट म्हणून विचार. पगार कदाचित आत्तापेक्षा कमी मिळेल, गोदामात उभं राहून ड्रम मोजावे लागतील. वर्षभर सोसायची तयारी ठेव.

परीक्षेत सगळे प्रश्न दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असतात: पहिल्या पेपरला 125 प्रश्न आणि अडीच तास, उरलेल्या दोघांना 100 प्रश्न आणि दोन तास. 250 ते 750च्या मापावर 600ला पास. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. पहिला पेपर आधी दे. तो निघाला की पुढच्याची फी. फी डॉलरमध्ये असते, एकदम भरून अडकू नका. जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतील, घेऊ नकोस. इंटर्नल ऑडिटची नवी जागतिक मानकं, म्हणजे हे काम कसं करायचं त्याचे नियम, 9 जानेवारी 2025पासून लागू झाली, अभ्यासक्रम त्यांवर बेतलाय आणि तिसरा पेपर तर पुरता बदललाय. इंग्रजीची धास्ती लिहिली आहेस. रोज एक मानक वाच आणि रात्री आईला मराठीत समजावून सांग. जिथे अडखळशील तिथे ते कळलेलं नाही.

राहिल्या त्या पावत्या. त्यांचे फोटो काढून घरी आणू नकोस, मैत्रिणींना दाखवू नकोस. गोपनीयता या पेशात पहिल्या दिवसापासून पाळायची. तारखा, गाडी नंबर आणि वजनं एका कागदावर मांड, कोणावर आरोप न करता अकाउंट्सच्या मोठ्या साहेबांना दे, आणि एवढंच विचार: पुढची गाडी रिकामी झाल्यावर माझ्यासमोर काट्यावर घ्याल का?