रुपयातलं लोन, पाउंडातला पगार आणि ब्रेक्झिट

प्रिय लेकी,

तुझा मेसेज वाचला, आईने पाठवलेले लोनचे कागदही बघितले. तू विचारलंस की मावशी, ब्रेक्झिट आता जुनं झालं, मी तर भारतातून तिकडे ब्रिटनला शिकायला येणार, युरोपशी माझा काही संबंधच नाही, मग तू दर फोनला तेच काय घेऊन बसतेस. तर सांगतेच आता सगळं. लांबेल थोडं, पण वाच नीट, कारण यात तुझ्या पुढच्या पाच-सहा वर्षांच्या पैशाचा प्रश्न आहे आणि बाबांनी राहतं घर तारण ठेवलंय हे मला माहीत आहे.

२३ जून २०१६ ला इथे ब्रिटनमध्ये मतदान झालं, ५१.९ टक्के लोकांनी युरोपियन युनियन या देशांच्या संघातून बाहेर पडायचं म्हटलं, तेच ब्रेक्झिट. आता गंमत बघ, प्रत्यक्षात देश बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० ला आणि जुने नियम खरे बंद झाले ३१ डिसेंबर २०२० ला. म्हणजे मधे साडेचार वर्षं रोजच्या व्यवहाराच्या नियमांत फारसं काही बदललं नव्हतं, पण लोकांच्या खिशाला चाट बसायला त्याच रात्री सुरुवात झाली. मतमोजणी सुरू झाली तेव्हा पाउंड दीड डॉलरच्या आसपास होता आणि सकाळपर्यंत १.३२ च्या जवळ आला, १९८५ नंतर एवढा खाली तो गेलेलाच नव्हता. आपल्या रुपयात सांगायचं तर मतदानाआधी शंभराच्या आसपास रेट होता, ऑक्टोबरपर्यंत तो ८० ते ८५ च्या मधे येऊन बसला.

मी पेरोलमध्ये काम करते, लोकांच्या सॅलरी स्लिप रोज डोळ्याखालून जातात. त्या वर्षी कुणाच्याही स्लिपवरचा आकडा एका पेनीने कमी झाला नव्हता, आणि म्हणूनच कुणाला वाटलं नाही की आपलं काही गेलं. पण आता तुझ्यासारखी एक मुलगी धर, भारतात एज्युकेशन लोन घेऊन आलेली, इथे नोकरी लागलेली आणि महिन्याला ४०,००० रुपये हप्ता. रेट १०० असताना तिला ४०० पाउंड पाठवायला लागायचे, रेट ८२ झाला की तोच हप्ता ४८८ पाउंडांचा होतो. पगार तोच, बँक तीच, हप्ता तोच, आणि महिन्याला ८८ पाउंड जास्त जातात. वर्षाचे हजारावर झाले. हे पैसे कुणी मागायला आलं नाही, कुठलं बिल आलं नाही, कुठला टॅक्स लागला नाही, नुसते गेले.

आणि त्याच वेळी दुसरी मुलगी धर, जी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नुकतीच शिकायला आली. तिची फी १५,००० पाउंड असेल तर जूनच्या आधी पंधरा लाख लागले असते, नंतर तेरा लाखाच्या आसपास भागलं. तिच्या घरच्यांनी देवापुढे पेढे ठेवले असतील. एकच घटना, एकीचं नुकसान, दुसरीचा फायदा. त्यामुळे कुणी तुला म्हणालं की ब्रेक्झिटने सगळ्यांचं वाटोळं झालं किंवा काहीच झालं नाही, तर दोघांनाही विचार, तुम्ही कमावता कुठल्या पैशात आणि देणं कुठल्या पैशात आहे. मला तुला जे सांगायचंय त्याचा गाभा हाच आहे बघ.

तुझ्या बाबतीत हे दोन टप्प्यांत येणार. आत्ता तू रुपये देऊन पाउंड विकत घेतेयस, म्हणजे पाउंड चढला की तुझं नुकसान. नोकरी लागली की उलटं, पाउंड पडला की तुझं नुकसान. म्हणून आत्ता युनिव्हर्सिटी फी हप्त्यात भरू देत असेल तर हप्त्यातच भर, सगळे पैसे एकाच दिवसाच्या रेटला लावू नकोस. उद्या रेट उतरेल, परवा उतरेल म्हणून थांबून बसायचं तर मुळीच नको, ते मोठमोठ्या बँकांनाही जमत नाही. आणि पगार सुरू झाला की पहिलं काम, भारतात एनआरई अकाउंट, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं रुपयातलं खातं, उघड आणि त्यात किमान तीन हप्त्यांचे रुपये कायम पडून राहू देत. कारण २०१६ सारखी रात्र पुन्हा कधी येईल हे सांगता येत नाही. २६ सप्टेंबर २०२२ ला पाउंड १.०३ डॉलरपर्यंत कोसळला होता, आजवरचा सगळ्यात नीचांक, आणि तो ब्रेक्झिटने नाही तर इथल्याच सरकारच्या एका बजेटने. थोड्या दिवसांत तो सावरला, पण ज्यांना नेमका त्याच आठवड्यात हप्ता पाठवायचा होता त्यांना सावरेपर्यंत थांबता आलं नाही ना.

आता किराणा. इथे खाण्यापिण्याचा मोठा भाग बाहेरून येतो, टोमॅटो स्पेनमधून आणि हॉलंडमधून, चीज फ्रान्समधून, आयर्लंडचं बटर, आणि आपली तूरडाळ-तांदूळ ज्या व्यापाऱ्यांमार्फत येतात त्यांचेही सौदे बऱ्याचदा डॉलरमध्ये होतात. पाउंड पडला की हे सगळं महाग होतं, फक्त लगेच नाही, जुना माल संपेपर्यंत दुकानदार थांबतो आणि मग हळूहळू लेबलं बदलतात. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये युनिलिव्हर कंपनीने टेस्को या इथल्या सुपरमार्केटकडे भाव वाढवून मागितले आणि दोघांचं एवढं बिनसलं की काही वस्तू टेस्कोच्या वेबसाइटवर मिळेनात, तेव्हा सामान्य माणसाला पहिल्यांदा कळलं की अरे, आपण मत दिलं त्याचा किचनशी संबंध आहे. महागाईचा दर मतदानाच्या महिन्यात जेमतेम अर्धा टक्का होता, तो नोव्हेंबर २०१७ मध्ये ३.१ वर गेला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी हिशोब मांडला होता की पाउंड पडल्यामुळे २०१८ च्या मध्यापर्यंत किमती साधारण २.९ टक्क्यांनी वाढल्या, म्हणजे सरासरी घरामागे वर्षाला ८७० पाउंड.

दुसरा धक्का २०२१ पासूनचा. युरोपशी जो करार झाला त्यात जकात शून्य ठेवली, त्यामुळे टीव्हीवर सगळे म्हणत होते की चला, आता भाव वाढायचं काही कारण नाही. पण जकात नसली तरी कागद असतातच. समजा उद्यापासून कोल्हापूरचं दूध बेळगावला न्यायचं तर प्रत्येक टँकरला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, फॉर्म, नाक्यावर तपासणी आणि एजंटची फी असं सगळं लागलं तर बेळगावात दूध महाग होणारच ना, जकात एक रुपया नसली तरी? तसंच झालं, फक्त इथे येणाऱ्या मालाला डॉक्टरचा दाखला आणि नाक्यावरची तपासणी पुढे ढकलत २०२४ मध्ये सुरू झाली, बाकीचे कागद आधीपासून. मांस आणि चीज यांना हे कागद सगळ्यात जास्त लागतात आणि भावही त्यांचेच जास्त चढले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्याच दुसऱ्या अभ्यासकांनी नंतर असा अंदाज काढला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मिळून ब्रेक्झिटमुळे सरासरी घराचं खाण्याचं बिल २१० पाउंडांनी वाढलं. आता दोन वर्षांत २१० पाउंड म्हणजे काय मोठं, असं ज्याला चांगला पगार आहे तो म्हणेल. पण इथे रात्रपाळीला गोडाऊनमध्ये पॅकिंग करणारी बाई, तिच्या पगारातला केवढा तरी हिस्सा खाण्यावरच जातो, तिला हे जास्त लागतं. मला राग येतो तो याचाच. ज्यांच्याकडे आधीच कमी होतं त्यांच्याकडून जास्त गेलं, आणि त्यांना तर मतदानाच्या प्रचारात लाल बस दाखवली होती, तिच्यावर लिहिलेलं, आठवड्याला ३५० दशलक्ष पाउंड आपण युरोपला पाठवतो ते दवाखान्यांना देऊ म्हणून. तो आकडाच बरोबर नव्हता, युरोपकडून परत मिळणारी सूट आणि अनुदानं त्यात धरलीच नव्हती.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी नाहीतर तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. सगळीच महागाई ब्रेक्झिटची नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथे महागाई ११.१ टक्क्यांवर गेली त्याचं मुख्य कारण युक्रेनचं युद्ध आणि गॅसचे भाव, त्याआधी कोविड होता. जर्मनीतही बिलं वाढली, भारतातही तेल महागलं. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी म्हणालं की भाडं वाढलं ते ब्रेक्झिटमुळे, तर मान हलव आणि पुढे जा, भाड्याची कारणं बरीच जुनी आहेत. ब्रेक्झिटचं नुकसान हळूहळू होणारं आहे. इथली सरकारी अंदाज मांडणारी संस्था, ओबीआर, तिचं म्हणणं की दीर्घकाळात देशाची उत्पादकता युनियनमध्ये राहिलो असतो त्यापेक्षा सुमारे ४ टक्के कमी राहील. म्हणजे जे पगार वाढले असते ते तेवढे वाढणार नाहीत, आणि न वाढलेला पगार कुठल्याच स्लिपवर दिसत नाही.

आता गोव्याच्या लोकांचं सांगते, कारण तुझ्या रूममेटची मावशी स्विंडनला असते म्हणालीस. तिथे आणि साउथॉल, वेम्बलीकडे गोवेकर बरेच आहेत. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची पुढची पिढी पोर्तुगालच्या कायद्याने तिथलं नागरिकत्व घेऊ शकतात. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. हजारो लोकांनी तो सोडला, आणि लिस्बनला जायचं म्हणून नाही सोडला, इंग्लंडला यायचं म्हणून सोडला, कारण पोर्तुगीज पासपोर्टवर इथे थेट येऊन काम करता यायचं. गोडाऊन, केअर होम, हॉटेल, एअरपोर्ट, मिळेल ते काम केलं आणि त्या पैशावर सासष्टी-बारदेशात घरांना नवीन छपरं आली, पोरं शिकली. जे ३१ डिसेंबर २०२० च्या आधी इथे राहत होते त्यांना सेटलमेंट स्कीममध्ये अर्ज करून राहता आलं, मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती, अर्जाला फीही नव्हती. पण ज्याचं पोर्तुगालच्या नागरिकत्वाचं काम २०२१ मध्ये पूर्ण झालं त्याच्या हातात आता इथे उपयोगाचा नसलेला पासपोर्ट आहे. वकील-एजंटला दिलेले पैसे गेले, भारतीय पासपोर्टही गेला. मग आयर्लंड, जर्मनी, जिथे ओळख असेल तिकडे जायचं. आणि इथे राहिलेल्यांनी नंतर लग्न करून बायको आणायची तर आता वर्षाला २९,००० पाउंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं. स्विंडनच्या मावशीला भेटलीस तर या गोष्टी विचार, पण हळुवारपणे विचार, बऱ्याच घरांत यावरून दुखणं आहे.

तुझ्या व्हिसाचं मात्र उलटं झालं. युरोपच्या मुलांची इंग्लंडमधली कमी फी २०२१ पासून गेली, ती बरीच यायची थांबली, आणि त्याच वर्षी १ जुलैला शिक्षणानंतर दोन वर्षं राहून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा सुरू झाला, मग आपल्याकडून रांगा लागल्या. तुला एजंटने दोन वर्षं सांगितलं असेल तर तारीख तपास, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. लोनचा हिशोब दोन वर्षांच्या पगारावर मांडलेला असेल तर तो आत्ताच बदल. त्यानंतर स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पाउंड आहे, नव्या उमेदवारांना काही अटींवर ३३,४००, आणि दर वर्षामागे १,०३५ पाउंड हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क, तेही आगाऊ. हा खर्च तुझ्या एक्सेलमध्ये कुठेच दिसला नाही मला.

बाकी बारीकसारीक. युरोपात फिरायला गेलीस तर बऱ्याच मोबाईल कंपन्या २०२२ पासून रोजचे रोमिंगचे पैसे लावतात, आधी बघून घे. जर्मनीहून काही मागवलंस आणि किंमत १३५ पाउंडांच्या वर असेल तर कुरिअरवाला दारात व्हॅट, माल युरोपात बनलेला नसेल तर ड्युटी, आणि वर स्वतःची फी मागतो. शेंगेन व्हिसा आपल्याला आधीही लागायचा, आताही लागतो, त्यात ब्रेक्झिटचा काही हात नाही. आणि एक चांगलं झालेलंही सांगते, सॅनिटरी पॅडवरचा व्हॅट १ जानेवारी २०२१ पासून गेला, युरोपच्या नियमांमुळे तो आधी पूर्ण काढता येत नव्हता.

आता तू एवढं कर. लोन फ्लोटिंग रेटचं आहे की फिक्स, आणि हप्ता शिक्षण संपल्यावर किती महिन्यांनी सुरू होतो हे बँकेकडून लेखी घे. एक्सेलमध्ये तीन कॉलम कर, पाउंडाचा रेट आज आहे तो, त्यापेक्षा १५ टक्के वर आणि १५ टक्के खाली, आणि तिन्हीत हप्ता पाउंडात किती पडतो ते काढ. सरचार्ज आणि व्हिसा फी वेगळ्या ओळीत घाल. रविवारी सकाळी, तुझ्याकडे दुपार असेल, तेव्हा फोन करते, बाबांनाही बसव सोबत.

तुझी,
मावशी