‘जस्टिस’मधला बेस ऐकू का येत नाही? वाचकांचे प्रश्न

अमेरिकन मेटल बँड मेटॅलिकाच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ (१९८८) या अल्बमबद्दल गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की गाणी अव्वल, पण मिक्सिंग (वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून एकत्र करणं) फसलेलं. त्यावर चाहत्यांची बरीच पत्रं आली. काहींना ते पटलं, काही चांगलेच तापले. नेमका मुद्दा धरून विचारणारी पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : हेडफोन चांगले आहेत, अ‍ॅम्पवरचं बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवून झालं. तरी जेसन न्यूस्टेडची बेस गिटार काही ऐकू येत नाही, नुसती ढबढब वाढते. असं का?

उत्तर : कारण ते बटण बेस गिटारचं नाही, खर्जाचं, म्हणजे खालच्या सुरांचं आहे. (सुराची उंची हर्ट्‌झमध्ये मोजतात : आकडा लहान तितका सूर खालचा.) साधारण १०० हर्ट्‌झच्या खाली जे जे आहे ते सगळं ते एकदम उचलतं. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजली की ४१ हर्ट्‌झचा सूर निघतो, साध्या गिटारची ८२ हर्ट्‌झचा. या अल्बमवर गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डच्या गिटारचा आवाज मधला भाग कोरून काढलेला आहे : वर धारदार, खाली जाड. तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या रिफचा (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याचा) जो ठोका छातीवर बसतो, तो ८० ते १५० हर्ट्‌झमध्येच असतो. म्हणजे बेस गिटारला जिथे उभं राहायचं, तिथे आधीच गिटारने बस्तान मांडलेलं. त्यात न्यूस्टेड पिकने (तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने) वाजवतो आणि बहुतेक जागी गिटारचाच रिफ एक सप्तक खाली वाजवतो. दोन्ही वाद्यांचा सूर एक, ठोका एक, मग कान त्यांना एकच वाद्य समजतो.

पटत नसेल तर घरीच तपासता येईल. सीडीवरून घेतलेली किंवा लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेली) फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडा (एमपीथ्री नको, तिच्यात डाव्या-उजव्या बाजूचा तपशील दाबलेला असतो). आधी आवाज ६ डेसिबलने उतरवा. मग ‘स्प्लिट स्टीरिओ टू मोनो’ करा, दोनपैकी एका पट्टीला ‘इन्व्हर्ट’ (लाट उलटी करणं) लावा आणि दोन्ही निवडून ‘मिक्स अँड रेंडर’ करा. जे जे मिक्सच्या बरोबर मध्ये बसवलेलं आहे (ड्रमसेटमधले किक आणि स्नेअर हे ढोल, मुख्य गायन, बेस गिटार) ते एकमेकांना छेदून जवळजवळ नाहीसं होतं. उरतात त्या दोन बाजूंना पसरलेल्या गिटार्स, झांजा, टॉम हे ढोल आणि प्रतिध्वनी. आता हे उरलेलं ऐका. बेस गिटार काढून टाकल्यावरही तळ भरलेलाच वाटतो. ‘ब्लॅकन्ड’चा मुख्य रिफ यासाठी घ्या, फरक लगेच कळतो.

प्रश्न : मग इक्वलायझरने काहीच साधणार नाही का? आकडे द्या, उपदेश नको.

उत्तर : थोडं साधतं. पॅरामेट्रिक इक्वलायझर (ज्यात कोणता सूर, किती रुंद पट्टी आणि किती डेसिबल हे तिन्ही ठरवता येतं) हवा, तीन बटणांचा चालणार नाही. सर्वांत आधी प्रीअ‍ॅम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) ५ डेसिबल खाली घ्या. ही पायरी लोक विसरतात आणि आवाज फाटला की इक्वलायझरला नावं ठेवतात. मग ६० हर्ट्‌झला क्यू (पट्टीची रुंदी; आकडा मोठा तितकी पट्टी अरुंद) १ ठेवून ४ डेसिबल वाढवा, १२० हर्ट्‌झला क्यू १.४ ठेवून २ डेसिबल कमी करा. हा दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण तो गिटारचा ठोका मागे सारतो. पिकचा तारेवरचा आघात ऐकू यावा म्हणून ७५० हर्ट्‌झला क्यू १.२ ठेवून २ डेसिबल वाढवा. शेवटी ४,५०० हर्ट्‌झला अडीच डेसिबल कमी करा, म्हणजे टाइपरायटरसारखी टकटकणारी किक जरा निवळेल.

आवाज घुमायला लागला तर ६० हर्ट्‌झवरची वाढ निम्मी करा. ७५० हर्ट्‌झला मात्र ३ डेसिबलच्या पुढे जाऊ नका, हेटफिल्ड नाकात गातोय असं वाटायला लागतं. तपासायला ‘वन’ची सुरुवात घ्या. तिथे गिटार स्वच्छ आहे, विकृती (डिस्टॉर्शन) नाही, त्यामुळे खाली जागा मोकळी असते. ‘डायर्स ईव्ह’वर तपासू नका. त्या वेगात इक्वलायझर काय करणार!

स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. स्पीकरमागची भिंत साधारण २ मीटरवर असेल तर भिंतीवरून परतलेली लाट ४० ते ४५ हर्ट्‌झच्या आसपास मूळ लाटेला मारते. म्हणजे होता तो बेसही जातो आणि दोष अल्बमच्या माथी येतो. स्पीकर भिंतीच्या जवळ सरकवा किंवा हा अल्बम हेडफोनवर ऐका.

प्रश्न : सगळं खापर ड्रमर लार्स उल्रिकवर फोडायची फॅशन झाली आहे. न्यूस्टेड गिटारच्या मागे मागेच वाजवत होता हे तुम्हीच म्हणता. मग तो मोठ्याने ऐकू आला असता तरी काय वेगळं झालं असतं?

उत्तर : अर्धा मुद्दा मान्य. आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन बोटांनी वाजवायचा, गिटारला सोडून स्वतःची वाट काढायचा. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला आणि त्याच्या जागी आलेल्या न्यूस्टेडची शैली मुळातच वेगळी होती. शिवाय त्याने आपला भाग इतरांपासून वेगळा, केवळ एका इंजिनिअरसोबत बसून रेकॉर्ड केला. इथे काय वाजवावं, कुठे थांबावं हे सांगायला निर्माता शेजारी नव्हता. हा दोष मिक्सिंगच्या आधीचा आहे.

पण म्हणून दुसरा दोष पुसला जात नाही. मिक्सिंग केलं स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो यांनी. थॉम्पसननेच मुलाखतीत सांगितलं आहे की बेस जेमतेम ऐकू येईल इतका उतरवायला लार्सने सांगितलं, आणि तसं केल्यावर तिथून आणखी काही डेसिबल खाली घ्यायला सांगितलं. निर्माता फ्लेमिंग रासमुसन मिक्सिंगला हजर नव्हता, पण मूळ बेसचे ट्रॅक उत्तम होते असं तो सांगत आला आहे. त्या दिवसांत बँडचे दौरे चालू होते आणि मैफलींनी थकलेल्या कानांनी ते मिक्स ऐकत होते, हेही हेटफिल्डने नंतर कबूल केलं आहे. थकलेल्या कानाला वरची पट्टी कमी ऐकू येते, मग माणूस ती वाढवत सुटतो. अल्बम इतका कोरडा आणि टोकदार का, याचा एक धागा इथे सापडतो.

‘काय वेगळं झालं असतं’ याचं उत्तर ऐकायचं असेल तर १९९३ च्या ‘लाइव्ह शिट : बिंज अँड पर्ज’ या संचातली १९८९ ची सिएटलची मैफल लावा. तोच वादक, तीच शैली, पण बेस जागेवर आहे. रिफ तेच, वजन दुप्पट. एकसुरात वाजवलेला बेस वेगळा ऐकू येत नाही हे खरं, पण तो काढून घेतला की उणीव जाणवते. नव्या माणसाची कुचेष्टा म्हणून बेस दाबला की नाही, यावर चाहते कितीही भांडोत. आमच्या मते कुचेष्टा होती, आणि तिच्या जोडीला ड्रम आणि गिटार पुढे आणायचा हव्यासही होता.

प्रश्न : अल्बम ६५ मिनिटांचा आहे. एलपीवर इतकं संगीत मावावं म्हणून बेस कापावा लागला, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : नाही. युक्तिवादामागचं तंत्र बरोबर आहे : खर्जाचा सूर तबकडीवर रुंद खाचा मागतो, आणि एका बाजूला २२-२३ मिनिटांपेक्षा जास्त भरायचं तर आवाज आणि खर्ज दोन्ही उतरवावे लागतात. पण हा अल्बम दोन तबकड्यांवर आला होता. ६५ मिनिटं चार बाजूंवर म्हणजे बाजूला सरासरी १६ मिनिटं, भरपूर जागा. आणि सीडीवर तर ही अडचण नव्हतीच, तरी बेस तिथेही नाही.

प्रश्न : २०१८ च्या नव्या आवृत्तीत बेस वाढवला आहे का? नेटवर फिरणारी ‘जस्टिस फॉर जेसन’ आवृत्ती खरी समजावी का?

उत्तर : २०१८ चं काम रीमास्टरिंगचं आहे, रीमिक्सिंगचं नाही. मास्टरिंग करणाऱ्याच्या हाती तयार झालेला दोन वाहिन्यांचा आवाज येतो. त्यातून एक वाद्य उचलून वर घेता येत नाही, फक्त एकूण रंग आणि पातळी बदलता येते. अल्बम जसा होता तसाच राहावा, ही बँडची भूमिका आहे. बेससाठी पैसे मोजणार असाल तर मोजू नका. सोबतच्या मैफलींसाठी मोजत असाल तर गोष्ट वेगळी.

चाहत्यांच्या आवृत्त्या अनधिकृत आहेत आणि सगळ्या एका जातीच्या नाहीत. काहींनी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ खेळातले सुटे ट्रॅक काढून खुद्द न्यूस्टेडचा बेस वर घेतला आहे. काहींनी मात्र स्वतः बेस वाजवून वरून चढवला आहे. ऐकायला दोन्ही मजेशीर, पण दुसऱ्या प्रकाराच्या आधारे न्यूस्टेडच्या वादनावर मत ठोकू नये. ते वादन त्याचं नाहीच.

प्रश्न : बेसचं पुराण पुरे. खरा दोष गाण्यांच्या लांबीचा आहे, हे कुणी का बोलत नाही?

उत्तर : बोलतात, स्वतः बँडही बोलला आहे. नऊ गाण्यांत ६५ मिनिटं. शीर्षकगीत आणि ‘टू लिव्ह इज टू डाय’ साडेनऊ मिनिटांच्या पुढे जातात. शीर्षकगीत वाजवताना पुढच्या रांगेतले लोक जांभया देताना दिसायचे, असं बँडचा गिटारवादक कर्क हॅमेट म्हणाला होता. पुढे ते मैफलीतून कित्येक वर्षं बाहेरच राहिलं. आमचं मत असं की ‘वन’ला लांबी शोभते, कारण प्रत्येक भाग मागच्यापेक्षा वर चढतो. शीर्षकगीतात तोच भाग पुन्हा येतो तेव्हा त्यात नवं काही घडत नाही. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बममध्ये गाणी आखूड झाली, बॉब रॉक निर्माता आला आणि बेसही परतला. या तीन गोष्टी एकत्र घडल्या हा योगायोग नव्हे.

प्रश्न : मेटॅलिकाचाच ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) जास्त वाईट की ‘जस्टिस’? आवाज फाटतो म्हणतात तो डोळ्यांनी दिसतो का?

उत्तर : दिसतो. ऑडॅसिटीत सीडीची फाइल उघडा, ‘व्ह्यू’मध्ये ‘शो क्लिपिंग’ चालू करा, लाल रेघांचं रान उगवेल. मग एका स्नेअरच्या ठोक्यावर इतकं जवळ जा की एकेक बिंदू दिसेल. लाटेचं शिखर गोल असायला हवं, ते सुरीने कापल्यासारखं सपाट दिसतं. ते कापलेलं शिखर आवाज कमी करून परत येत नाही, सपाट शिखर फक्त लहान होतं. डीआर मीटर (हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक मोजणारं साधन; गुण कमी तितका आवाज ठासलेला) या सीडीला ३ गुण देतो. मास्टरिंग करणारा टेड जेन्सन याने सांगितलं की मिक्स त्याच्याकडे आलं तेव्हाच ठासून भरलेलं होतं. ‘गिटार हिरो’तल्या त्याच गाण्यांना हा रोग नाही, त्यावरून चाहत्यांनी तेव्हा मोठी बोंब मारली होती.

तुलना करताना दोन खबरदाऱ्या. एलपीवरून काढलेल्या फाइलला डीआर मीटर फुगवून गुण देतो, त्यावर विसंबू नका. आणि दोन आवृत्त्या ऐकण्याआधी रीप्लेगेनने पातळी सारखी करा. एका डेसिबलच्या फरकानेही मोठा आवाज ‘चांगला’ वाटतो. कोण जास्त वाईट? ‘डेथ मॅग्नेटिक’. ‘जस्टिस’मध्ये एक वाद्य नाही, पण जे आहे ते शाबूत आहे. सलग तासभर ऐकलं तरी कान शिणत नाही.

प्रश्न : मेटॅलिकाच्याच ‘सेंट अँगर’चा (२००३) डब्यासारखा स्नेअर सुधारता येईल का?

उत्तर : स्नेअरच्या खालच्या तारा ढिल्या सोडून तो रेकॉर्ड केला आहे. चर्रर्र आवाज त्या तारांचा असतो. तोच नाही, म्हणून उरतो तो ठणठणाट. क्यू ८ ठेवून १० डेसिबलचा उंचवटा करा, तो ३०० ते १,००० हर्ट्‌झमध्ये हळूहळू फिरवा. जिथे ठणठण सर्वांत बोचरी होईल तिथे थांबून तोच उंचवटा ५ डेसिबलच्या खड्ड्यात बदला. बोचरेपणा कमी होईल. तारांचा आवाज मात्र रेकॉर्डिंगमध्येच नाही, तो कोणत्याही इक्वलायझरने येणार नाही. आणि या अल्बमवर गिटारचे सोलो नाहीत, ती तक्रार घेऊन पत्र पाठवणाऱ्यांना आमच्याकडे इलाज नाही.